समन्वयकांच्या कानावर घालणे आणि अंतर्गत समितीकडे तक्रार करणे

खान्देशात चर्चासत्रांचा हंगाम थंडीत भरतो. डिसेंबर ते मार्च या काळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत राष्ट्रीय परिषदा होत असतात आणि त्यांच्या माहितीपत्रकाच्या शेवटी ‘काही अडचण आल्यास समन्वयकांशी संपर्क साधावा’ अशी एक ओळ छापलेली असते. मुक्कामाची सोय, निबंधवाचनाचा क्रम, प्रमाणपत्रावर चुकलेले नाव यांसाठी ती ओळ पुरेशी आहे. लैंगिक छळासाठी ती पुरेशी नाही. ती पुरेशी आहे अशी समजूत आयोजकांची, प्राध्यापकांची आणि संशोधक विद्यार्थिनींचीही असल्यामुळे तोच घोटाळा दर हंगामात नव्याने पाहावा लागतो. समन्वयकांच्या कानावर घालणे ही एक गोष्ट आहे आणि अंतर्गत समितीकडे तक्रार करणे ही दुसरी. दोन्हींची गरज आहे, पण एक केल्याने दुसरी आपोआप होत नाही.

आयोजन समिती काय असते हे वाचकांना वेगळे सांगायला नको. निमंत्रक, समन्वयक, नोंदणी कक्षातले विद्यार्थी, भोजनाची आणि वाहनांची व्यवस्था पाहणारे सहकारी अशी ती मंडळी असतात आणि प्रमाणपत्रे वाटून झाली की समिती विसर्जित होते. अंतर्गत समिती मात्र कायद्याने नेमलेली असते आणि वर्षभर असते. ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३’ हा तिचा आधार आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा लागतो. उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी सदस्यही असावेत, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरील व्यक्ती समितीत असू नयेत, असे हे विनियम सांगतात. आपल्याकडे परिषदेचे समन्वयक बहुधा विभागप्रमुखच असतात. म्हणजे ज्यांना सांगितल्यावर ‘तक्रार झाली’ असे सगळे धरून चालतात, त्यांना त्या समितीवर बसताच येत नाही.

किरकोळ गोंधळ लवकर बाजूला करतो. निबंधवाचनानंतर कोणी कठोर प्रश्न विचारला, पद्धतीतली उणीव दाखवली, तर तो छळ होत नाही. मात्र त्याच प्रश्नात वाचणारीच्या दिसण्यावर किंवा लग्नावर शेरा आला तर तो शोधनिबंधावरचा प्रश्न राहत नाही. रॅगिंगविरोधी समिती वेगळी असते आणि तिचा येथे संबंध नाही. २०१३ चा अधिनियम महिलांसाठी आहे. आयोगाच्या विनियमांनी मात्र काही पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात हे मान्य करून संस्थांवर त्यांचीही जबाबदारी टाकली आहे. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग स्वतंत्र आहे. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५ मध्ये आणि पाठलाग कलम ७८ मध्ये येतो, आणि समितीकडे तक्रार केली म्हणून तो मार्ग बंद होत नाही.

आता खरा मुद्दा. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयाची संशोधक विद्यार्थिनी जळगाव जिल्ह्यातील परिषदेत निबंध वाचायला आली आहे. समारोपानंतर बाहेरगावाहून आलेल्या निमंत्रित वक्त्यांना भुसावळला रात्रीच्या गाडीवर सोडायचे असते, आणि तिलाही स्टेशनवर जायचे असल्यामुळे आयोजक तिला त्याच वाहनात बसवतात. वाटेत तो वक्ता तिच्याशी लगट करतो. ती दुसऱ्या दिवशी समन्वयकांना फोन करून सगळे सांगते. समन्वयक सज्जन आहेत. ते म्हणतात, ‘ताई, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो.’ ती निश्चिंत होते. समन्वयक त्या वक्त्याला पुढच्या वर्षी न बोलावण्याचे मनाशी ठरवतात आणि आपण कर्तव्य केले असे त्यांनाही प्रामाणिकपणे वाटते. या टप्प्यावर कायद्याच्या दृष्टीने काय झाले आहे? काहीच झालेले नाही. कुठेही नोंद नाही, चौकशी नाही, त्या वक्त्याच्या संस्थेला पत्ता नाही, आणि मुदत मात्र घटनेच्या दिवसापासून चालू झालेली आहे.

ही मुदत तीन महिन्यांची आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिच्यामुळेच होते. घटना १८ जानेवारीची असेल तर लेखी तक्रार १८ एप्रिलपर्यंत समितीकडे पोहोचली पाहिजे. त्रास पुन्हा पुन्हा झाला असेल, म्हणजे परिषदेनंतर संदेश आणि फोन येत राहिले असतील, तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने धरले जातात. वेळेत तक्रार न करण्यामागे सबळ कारण होते अशी खात्री पटली तर समिती कारणे लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे तिलाही अधिकार नाही. समन्वयकांना दुसऱ्याच दिवशी सांगितले होते, हे कारण म्हणून मांडता येईल, पण त्या फोनने मुदत थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात, मार्गदर्शकांना अहवाल द्यायचे असतात, घरची वडीलधारी बाई ‘जाऊ दे व माय’ म्हणते, आणि ‘सर बघणार आहेत’ या भरवशावर एप्रिल उलटून जातो. म्हणून ज्या समन्वयकांना कोणी असे काही सांगेल त्यांनी धीर दिल्यानंतर लगेच हे स्पष्ट सांगितले पाहिजे की मला सांगणे म्हणजे तक्रार नव्हे, तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी करावी लागते, आणि तिची शेवटची तारीख ही आहे. ती तारीख कागदावर लिहून द्यावी. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचाच आहे आणि त्यासाठी तिच्यावर दडपण आणू नये. पण निर्णय घ्यायला किती दिवस आहेत हे तिच्यापासून लपून राहणे हा अन्याय आहे.

याच गोंधळाची उलटी बाजूही आहे आणि तिची मला अधिक चीड येते. ‘लेखी द्या, नाहीतर आम्हाला काही करता येत नाही,’ असे काही आयोजक त्याच क्षणी सांगून मोकळे होतात. लेखी तक्रारीची अट समितीच्या चौकशीसाठी आहे. परिषद चालू असताना माणसांना सुरक्षित ठेवण्यासाठी आयोजकांना कोणाच्या अर्जाची गरज लागत नाही. वाहनाची व्यवस्था बदलणे, मुक्कामाची खोली बदलणे, तिच्या सत्राचा अध्यक्ष बदलणे, त्या वक्त्याचे दुसऱ्या दिवसाचे व्याख्यान रद्द करणे, त्याला परिसर सोडायला सांगणे, हे सगळे निमंत्रक आपल्या अधिकारात तासाभरात करू शकतात. तिला मदत हवी असेल तर ११२ किंवा १८१ या क्रमांकांवर फोन लावून देणे हेही त्यांचेच काम आहे. शिवाय लेखी देणे जमत नसेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी तिला तक्रार लिहिण्यासाठी सर्व वाजवी साहाय्य करावे, असे कायदाच सांगतो. तेव्हा ‘लेखी द्या’ म्हणून दार लावून घेण्याची मुभा समितीलाही नाही.

मिटवामिटवीचेही तसेच आहे. प्राचार्यांच्या दालनात दोघांना समोरासमोर बसवायचे, भाऊ, अण्णा म्हणून ज्यांचा मान आहे अशा एखाद्या संस्थाचालकांना मध्ये घ्यायचे, ‘माफी मागितली, विषय संपला’ असे जाहीर करायचे आणि सगळ्यांना चहा द्यायचा, ही पद्धत आपल्याकडे समजूतदारपणाची मानली जाते. कायद्यात समेटाला जागा आहे, पण लेखी तक्रारीनंतर, चौकशी सुरू होण्यापूर्वी, त्या महिलेने स्वतः विनंती केली तरच, आणि तोही समितीमार्फत. पैसे देऊन-घेऊन समेट करता येत नाही. दालनातल्या त्या बैठकीला यांपैकी कशाचाच आधार नाही. तिच्यामुळे तक्रारीचा हक्क संपत नाही, पण तो संपला अशी त्या मुलीची समजूत करून दिली जाते. अशा बैठका ताबडतोब बंद व्हाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मग तक्रार कोणत्या समितीकडे करायची? यजमान महाविद्यालयाच्या, तिच्या स्वतःच्या, की त्या वक्त्याच्या संस्थेतल्या? येथेही ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य तीनही ठिकाणी ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा ते चूक असते. कामानिमित्त भेट दिलेली कोणतीही जागा आणि नियोक्त्याने पुरवलेले प्रवासाचे वाहन ही अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे कामाची जागाच असते. आयोगाच्या विनियमांत त्रयस्थाकडून होणाऱ्या छळाची स्वतंत्र व्याख्या आहे: जो संस्थेचा कर्मचारी किंवा विद्यार्थी नाही, पण अन्य कारणाने तेथे आला आहे, अशा व्यक्तीने केलेला छळ. निमंत्रित वक्ता नेमका त्यात बसतो, त्यामुळे ‘ते आमचे नव्हेत, पाहुणे होते’ असे यजमान महाविद्यालयाला म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात हे स्पष्ट केले आहे की आरोप असलेला पुरुष दुसऱ्या ठिकाणी नोकरीला असला, तरी महिलेच्या स्वतःच्या कार्यालयातील अंतर्गत समिती तिची तक्रार ऐकू शकते, आणि त्याच्या नियोक्त्याने त्या समितीला सहकार्य केले पाहिजे. म्हणजे शहाद्याच्या किंवा शिरपूरच्या प्राध्यापिकेने न्याय मागण्यासाठी त्या वक्त्याच्याच शहरात, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर उभे राहिले पाहिजे, अशी सक्ती आता उरलेली नाही. माझा सल्ला असा की तक्रार आपल्या संस्थेच्या समितीकडे द्यावी, कारण सुनावणीला जाणे तेथे शक्य असते. यजमान महाविद्यालयाच्या समितीलाही लेखी कळवावे, कारण वाहनाची नोंद, मुक्कामाची वही, प्रवेशद्वारावरचे चित्रीकरण हे सगळे त्यांच्याकडे असते आणि असे चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाऊ शकते. समन्वयकांनी ते मागणीची वाट न पाहता जपून ठेवावे.

तक्रारीत दिनांक, वेळ, जागा, कोण हजर होते आणि नेमके काय घडले हे क्रमाने असावे. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ते अहिराणीत असतील तर अहिराणीतच, प्रमाण मराठीत सौम्य करून नव्हे. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जोडायचे असतात. समितीने चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. त्या काळात तिला अंतरिम संरक्षण मागता येते, आणि त्यातली एक तरतूद संशोधक विद्यार्थिनींना विशेष उपयोगाची असूनही फार थोड्यांना ठाऊक असते: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही आणि तिच्यावर कारवाई होत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. तक्रारीचा मजकूर आणि तिची ओळख उघड करणे मात्र दंडनीय आहे, म्हणून परिषदेच्या व्हॉट्सॲप गटावर या विषयाची चर्चा सहानुभूतीपोटीसुद्धा करू नये.

आयोजकांनी आधी करायची कामे साधी आहेत. माहितीपत्रकावर समन्वयकांच्या क्रमांकाशेजारी अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे नाव, क्रमांक आणि ई-मेल छापावा. परिषदेपुरत्या दोन संपर्कव्यक्ती नेमाव्यात, त्यांत एक तरी महिला असावी, आणि आपले काम ऐकणे, सुरक्षित करणे आणि समितीचा रस्ता दाखवणे एवढेच आहे, चौकशी करणे नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगावे. निमंत्रणपत्रासोबत वक्त्यांना आचारसंहिता पाठवावी. रात्रीच्या वाहनात एकट्या विद्यार्थिनीला बसवू नये. आणि भिंतीवरचा फलक पाहावा. अनेक महाविद्यालयांत जिन्याजवळच्या त्या फलकावर बदली होऊन गेलेल्या प्राध्यापिकेचे नाव अध्यक्ष म्हणून तसेच असते, बाह्य सदस्याच्या पुढे क्रमांक नसतो आणि ई-मेल कोणी उघडत नाही. १२ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समितीची रचना, सदस्यांचे क्रमांक आणि तक्रारीची पद्धत संस्थेच्या संकेतस्थळावर सहज मिळेल अशी ठेवण्याचे निर्देश दिलेले आहेत. परिषदेच्या आदल्या आठवड्यात ते पान एकदा उघडून तो क्रमांक लावून पाहायला पाच मिनिटे लागतात.

एक प्रसंग उरतो. आपल्याकडे काही साहित्य मेळावे आणि चर्चासत्रे छोटी मंडळे किंवा वाचनालये भरवतात, जिथे दहा कर्मचारी नसतात आणि त्यामुळे अंतर्गत समितीही नसते. तेथे, किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हा, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. ती प्रत्येक जिल्ह्यात असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तीन महिन्यांची मुदत तिथेही तीच आहे.