तुळईत कोरलेलं साल

बोस्टनजवळच्या डेडहॅममधलं फेअरबँक्स घर हे उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर मानलं जातं. यॉर्कशायरहून आलेल्या जोनाथन आणि ग्रेस फेअरबँक्स यांचं हे घर. त्यांच्या घराण्याच्या आठ पिढ्या इथे नांदल्या. आज तिथे संग्रहालय आहे.

डेडहॅम वसलं १६३६ मध्ये. पण घर नेमकं कधीचं? याचं पक्कं उत्तर मिळालं ते लाकडातून. ओकच्या तुळयांना पोकळ गिरमिटानं भोक पाडून बारीक कांड्या काढल्या आणि झाडात दरवर्षी एक याप्रमाणे वाढणाऱ्या वलयांची रुंदी मोजली. चांगल्या पावसाच्या साली वलय रुंद, दुष्काळात अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम त्या भागातल्या वर्ष माहीत असलेल्या लाकडांशी जुळवला, की प्रत्येक वलयाचं वर्ष कळतं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती झाडाच्या सालीलगतची कड. ओक वसंतात मोठ्या छिद्रांचं लाकूड घडवतो आणि उन्हाळ्यात घट्ट. शेवटच्या वलयात नुसती मोठी छिद्रं दिसली, तर झाड वसंतात पडलं. घट्ट भागही पूर्ण असेल, तर वाढ थांबल्यावर, हिवाळ्याच्या सुमारास. म्हणजे झाडाची साल शिल्लक असेल, तर वर्षाबरोबर ऋतूही समजतो! इथली झाडं १६३७ ते १६४१ या काळात तोडलेली निघाली.

झाड तोडल्याच्या तारखेवरून घराची तारीख ठरवता येते, कारण सुतार तेव्हा ओक ओला असतानाच घडवत. वाळलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकत. दोन्हींतली भोकं मुद्दाम किंचित सरकवून पाडलेली असत, त्यामुळे खुंटी शिरताना सांधा आवळला जाई.

मधोमध विटांची भलीमोठी चिमणी, दोन्ही बाजूंना खोल्या, असं मूळ घर होतं. मागची उतरत्या छपराची पडवी आणि बाजूचे भाग पुढे जोडले गेले.

आपल्या सागवानातही वार्षिक वलयं स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. कितीतरी जुन्या वाड्यांच्या तुळया सागवानीच आहेत. वाडा उतरवताना त्या कापून विकण्याआधी, सालीलगतची कड शाबूत असलेला एखादा तुकडा तरी अभ्यासकांसाठी राखून ठेवायला हवा.