समुद्र नसलेल्या जगात देवमासा कुठून आला: 'वाळवण'मधल्या थोरलीची पार्श्वभूमी

आमच्या रोल-प्लेइंग गेममधे (मी गोष्ट रचतो, बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात) नवीन आलेला प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत हेच विचारतो, की नागपुरात बसून तुम्ही व्हेलची पूजा काहून करून राहिले बे? प्रश्न बरोबरच आहे म्हणा. इथून समृद्धीवर गाडी घातली तरी ७०१ किलोमीटर संपल्यावर भिवंडीजवळ आमण्याला उतरतो आपण, समुद्र त्याच्याही पुढं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

जगाचं नाव 'वाळवण' कारण ते लॉकडाऊनच्या मे महिन्यात जन्मलं, गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि माझ्याकडे चालणारा एकच स्केचपेन होता, तोही तपकिरी. मग नकाशाच तपकिरी झाला आणि ठरलं की या जगातला समुद्र आटलेला आहे, लोक त्याच्या तळावर राहतात. थोरली, म्हणजे त्या जगातली व्हेल-देवी, तेव्हा डोक्यातही नव्हती.

ती आली एका ढापलेल्या आयडियातून, हे कबूल करतो. खलाशी बेटावर उतरतात, चूल पेटवतात, आणि बेट हलायला लागतं कारण ते बेट नसून मासा असतो, ही गोष्ट सिंदबादच्या पहिल्याच सफरीत आहे, युरोपातल्या संत ब्रेंडनच्या कथेतही आहे. मी बेटाच्या जागी टेकडी ठेवली. पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, टेकडीवर मुक्काम ठोकला, शेकोटी केली, टेकडीनं कूस बदलली, दोन पात्रं गचकली. पुढच्या आठवड्यात पोट्टे हटून बसले की ते जनावर नेमकं काय होतं ते सांग.

उत्तर मी नाही दिलं, कूलरनं दिलं. तेव्हा आम्ही कॉलवर खेळायचो आणि एकाच्या खोलीतला जुना लोखंडी कूलर माइकमधून सतत ऐकू यायचा, व्होल्टेज पडलं की पंखा मंदावून असा काही कण्हायचा की सगळे गप्प. कोणीतरी बोललं, "थोरली बोलली." तिथून तो धर्मच झाला: जमिनीखालून घुमण्याचा आवाज आला की समजायचं थोरली जागी आहे, विहिरीला पाणी लागणार. नंतर वाचलं की फिन व्हेलची हाक साधारण २० हर्ट्झची असते, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी खालच्या काठावर. कूलरला तेवढं जमत नाही, पण भावना पोचल्या.

नाव 'थोरली'च का, तर वाळवणातली माणसं तिला सरळ नावानं हाक मारत नाहीत. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच. आपल्या 'देवमासा' शब्दातही देव आहेच की. व्हिएतनामचे कोळी व्हेलला 'का ओंग' म्हणतात, त्यातला 'ओंग' म्हणजे आजोबांसारखं आदराचं संबोधन, आणि किनाऱ्यावर मेलेला व्हेल ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं थोरल्या मुलासारखं सुतक पाळायचं, हाडं देवळात ठेवायची. ही रीत मी जशीच्या तशी उचलली. जपानमधे नागातोजवळच्या कायोई गावात व्हेलच्या पोटात सापडलेल्या पिल्लांसाठी १६९२ साली बांधलेली समाधी आहे, तिथल्या देवळात मारलेल्या व्हेलना मरणोत्तर नावं देऊन वहीत नोंद ठेवायचे. वाळवणातल्या मठांतली 'गेलेल्यांची वही' ती ही.

मात्र मला खरा धीर आला तो भरहुतमुळे. भरहुत म्हणजे मध्य प्रदेशातलं सतना, समुद्राशी नागपूरइतकाच संबंध, म्हणजे शून्य. तिथल्या स्तूपाच्या कठड्यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचं एक गोल शिल्प आहे, भलामोठा मासा जबडा वासून बसलाय आणि माणसांनी भरलेली नाव आत ओढली जातेय. वर कोरलंय की तिमितिमिंगिलाच्या, म्हणजे त्या महाकाय माशाच्या, पोटातून वसुगुप्त नावाच्या माणसाला महादेवानं सोडवलं, आणि इथला महादेव म्हणजे बुद्ध असा अर्थ लावतात. माशाला अगदी घरगुती डोळा आहे, नदीतल्या माशासारखा! कोरणाऱ्यानं तिमिंगिल बघितला असेल असं मला तरी वाटत नाही, व्यापाऱ्यांकडून ऐकलं असेल आणि दिली छिन्नी. मग मी विचार केला, की ऐकीव व्हेलवर त्यांचं भागलं तर आपलं काय अडतंय.

ढापलेली गोष्ट आणि श्रद्धा यांच्यानंतर तिसरा थर विज्ञानाचा, आणि थोरलीच्या पंथांची भांडणं सगळी इथूनच सुरू झाली. व्हेलचे पूर्वज जमिनीवर चालायचे हे आता पक्कं आहे, आणि त्यातले महत्त्वाचे जीवाश्म आपल्याच उपखंडातले, कच्छमधलेसुद्धा. जम्मूतल्या कालाकोटचा 'इंडोह्यूस' तर मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा प्राणी, साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. ए. रंगा राव यांनी गोळा केलेले ते दगड कित्येक वर्षं तसेच पडून होते, पुढं अमेरिकेत एका टेक्निशियनच्या हातून कवटी चुकून तुटली आणि आत कानाचं जाड हाड दिसलं, व्हेलला असतं तसलं. २००७ मधे ते छापून आलं. हाडं आपटून फुटणं आणि सत्य बाहेर पडणं, याहून चांगला पुराणप्रसंग मी सात जन्मात लिहिला नसता, म्हणून वाळवणात मठातली कवटी पाडणारा झाडूवाला हा पहिला संत आहे.

तर 'गेलीवाले' म्हणतात थोरली जमीन सोडून पाण्यात गेली आणि जाताना पाणी घेऊन गेली. 'परतीवाले' म्हणतात छे, ती परत चालत येतेय, म्हणूनच समुद्र आटला. दोघांच्याही पोथ्या मीच लिहिल्यात आणि कोण बरोबर ते मी ठरवलेलं नाही.

बाकी नियम एकच लक्षात ठेवा. थोरलीचं मढं ज्याच्या पात्राला आधी दिसेल त्याला तेरा दिवस हत्याराला हात लावता येत नाही. मागच्या रविवारी ते आमच्या सगळ्यात तगड्या लढवय्याला दिसलं, आणि दरोडेखोर चौथ्या दिवशी आले. तो पोट्टा अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.