त्सुरुमी लाइनला रिन्काइ रेल्वे म्हणू नका

उमि-शिबाउरा स्थानकाचा फोटो निघाला की ‘ही जपानची रिन्काइ रेल्वे’ असं कोणीतरी हमखास सांगतं. ती त्सुरुमी लाइन आहे; रिन्काइ रेल्वे हा समुद्रालगतच्या कारखान्यांसाठी काढलेल्या रेल्वे कंपन्यांचा वेगळाच प्रकार. मग दुसरा कोणी ही चूक सुधारायला पुढे येतो: ‘रिन्काइवर फक्त मालगाड्या, त्सुरुमीवर माणसंही, एवढाच फरक.’ मला ही दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त खटकते, कारण ती ऐकायला पटते आणि मग कोणी पुढे विचारतच नाही.

त्सुरुमी लाइन बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती भरभर उरकतो. योकोहामातल्या त्सुरुमीपासून कावासाकीतल्या ओगिमाचीपर्यंत ७ किलोमीटर, शिवाय उमि-शिबाउरा आणि ओकावा असे दोन फाटे. भराव घालून केलेली जमीन, कालवे, कारखाने. तीन डब्यांची गाडी सकाळी कामगारांनी भरून जाते आणि दुपारी मोकळी धावते. ओकावाला तर दुपारी गाडीच नसते. उमि-शिबाउराचा फलाट कालव्याच्या इतका काठावर आहे की कठड्याला टेकून वाकलं की खाली थेट पाणी दिसतं. बाहेरची वाट तोशिबाच्या आवारात जाते, त्यामुळे कंपनीचं ओळखपत्र नसेल तर फाटकातून पुढे जाता येत नाही. नुसतं पाहायला येणाऱ्यांसाठी १९९५ मध्ये फलाटाला लागून एक छोटी बाग केली गेली. तिथे बसायचं आणि परतीची गाडी धरायची. पण एवढ्यावरून ही तोशिबाची खासगी रेल्वे ठरत नाही. रूळ आणि स्थानक जेआर ईस्ट या प्रवासी रेल्वे कंपनीचे आहेत.

स्थानकांच्या नावांबद्दलही एक सांगून टाकतो. असानो आणि ओकावा ही या किनाऱ्याशी जोडलेल्या उद्योगपतींची नावं. ‘आनझेन’ हे उद्योगपती यासुदा झेन्जिरो यांच्या नावातली अक्षरं घेऊन बनलं आहे. त्याचा उच्चार ‘सुरक्षा’ या जपानी शब्दासारखा होतो म्हणून त्याला ‘सुरक्षा स्थानक’ म्हणणं सोडून द्यावं.

गोंधळाला नावांनीही हातभार लावला आहे. ‘रिन्को’ म्हणजे बंदरालगतचं, ‘रिन्काइ’ म्हणजे समुद्रालगतचं. त्सुरुमी लाइन १९२६ मध्ये त्सुरुमी रिन्को रेल्वे या खासगी कंपनीने मालवाहतुकीसाठी सुरू केली. प्रवासी १९३० पासून बसू लागले आणि १९४३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. उलट इबाराकीतल्या काशिमा रिन्काइ रेल्वे या कंपनीच्या एका मार्गाचं नाव काशिमा रिन्को लाइन. तोक्योची ‘रिन्काइ लाइन’ आणखी तिसरीच: शिन-किबा ते ओसाकी, सगळी प्रवासी वाहतूक. तिला या विषयातून बाजूलाच ठेवा. नावावरून काही ठरवायला गेलात तर फसाल.

आता मुख्य मुद्दा. तो कळला की बाकीचं आपोआप सुटतं. रुळांवरून काय धावतं हे पाहू नका. रूळ कोणाचे आणि मालगाड्या चालवणारी जेआर फ्रेट ही कंपनी तिथे कोणत्या नात्याने आहे, हे पाहा.

१९८७ मध्ये जपानची राष्ट्रीय रेल्वे फोडली तेव्हा रूळ मुख्यतः प्रवासी कंपन्यांकडे गेले. मालवाहतूक जेआर फ्रेटकडे आली, पण ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या रुळांवरून, वापराचं शुल्क भरून. त्सुरुमी लाइनवर हेच चालतं. घर जेआर ईस्टचं, जेआर फ्रेट भाडेकरू.

रिन्काइ रेल्वेचा जन्मच निराळा. १९६० च्या दशकात किनाऱ्यावर भराव टाकून नवे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला रेल्वे हवी होती. राष्ट्रीय रेल्वेने सगळा खर्च एकटीने उचलण्याऐवजी राष्ट्रीय रेल्वे, स्थानिक सरकार आणि तिथले कारखाने यांनी मिळून कंपन्या काढल्या. चिबामधली केइयो रिन्काइ १९६३ मध्ये धावू लागली. कावासाकी-योकोहामासाठी कानागावा रिन्काइची स्थापना १९६३ ची, तिच्या गाड्या १९६४ पासून. राष्ट्रीय रेल्वेचा त्यातला वाटा पुढे जेआर फ्रेटकडे आला. म्हणजे इथे जेआर फ्रेट भागीदार आहे. रूळ कंपनीचे, इंजिनं कंपनीची, चालकही कंपनीचे.

माल संपतो तेव्हा हा फरक उघडा पडतो. ओगिमाचीहून साइतामातल्या सिमेंट कारखान्याला जाणारी कोळशाची गाडी २०२० मध्ये बंद झाली. एक भाडेकरू कमी झाला, पण ओगिमाचीची प्रवासी गाडी चालू राहिली, कारण मार्ग कोळशाच्या भरवशावर उभा नव्हता. कानागावा रिन्काइच्या मिझुए लाइनवर माल राहिला नाही तेव्हा तिला सावरायला प्रवासी नव्हते. २०१७ मध्ये अख्खी लाइनच बंद झाली. दोन्ही ठिकाणं एकाच कावासाकीच्या किनाऱ्यावरची.

मग रिन्काइ म्हणजे फक्त माल, हे खरंच झालं ना? नाही. कानागावा रिन्काइवर प्रवासी नाहीत, पण ओकायामा जिल्ह्यातली मिझुशिमा रिन्काइ रेल्वे कुराशिकीपासून कारखान्यांच्या पट्ट्यापर्यंत डिझेलच्या डब्यांतून माणसं नेते आणि मालगाड्याही चालवते. तिची सुरुवात १९४३ मध्ये मित्सुबिशीच्या विमान कारखान्याच्या मार्गाने झाली आणि प्रवासी गाडीच्या शेवटच्या स्थानकाच्या नावात आजही मित्सुबिशीचा मोटार कारखाना आहे. काशिमा रिन्काइचीही मितोकडून येणारी प्रवासी लाइन १९८५ पासून आहे. म्हणून प्रवाशांवरून केलेली विभागणी टिकत नाही. मिझुशिमा दिसायला त्सुरुमीच्या जवळची आणि घडणीने कानागावाची सख्खी बहीण आहे. मला विचाराल तर या सगळ्यांत सर्वांत जास्त लक्ष द्यावं अशी तीच, आणि तिच्याविषयी मराठीत फारसं वाचायला मिळत नाही याचं वाईट वाटतं.

हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायचे तर कावासाकीलाच. आनझेनहून इंधनाच्या टाक्या हाइजिमाला जातात, योकोता इथल्या अमेरिकी हवाई तळासाठी. ही जेआर फ्रेटची गाडी, जेआर ईस्टच्या रुळांवरची. थोड्याच अंतरावर कावासाकी मालस्थानक आहे. तिथे शहराच्या आतल्या भागातल्या काजिगायाहून कचऱ्याचे कंटेनर येतात. १९९५ पासून हा कचरा रेल्वेने नेला जातो. मालस्थानकात जेआर फ्रेटचं इंजिन सुटतं, कानागावा रिन्काइचं डिझेल इंजिन लागतं आणि तेच डबे सुएहिरोचोपर्यंत उरलेले काही किलोमीटर पुढे जातात. डब्यांत काहीच बदलत नाही. बदलतो तो रुळांचा मालक, आणि तो बदलतो नेमका इंजिन सुटतं तिथे.