तातडीचं प्रक्षेपण (लहान उपग्रहांसाठी)

हुकूम आल्यावर काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत, लहान उपग्रह कक्षेत पाठवायची तयारी म्हणजे तातडीचं प्रक्षेपण. एरवी जुळणी, चाचण्या, रेंजची (प्रक्षेपण तळाची) तारीख यातच महिने जातात. मागणी मुख्यतः लष्कराची, म्हणजे आपला एखादा उपग्रह निकामी झाला तर बदली पाठवायला, किंवा दुसऱ्याचा उपग्रह काय करतोय ते जवळ जाऊन बघायला.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण अमेरिकेच्या २००७ साली कर्टलँड हवाई तळावर सुरू झालेल्या ओआरएस (ऑपरेशनली रिस्पॉन्सिव्ह स्पेस) ऑफिसपासून मोजतात, पण टॅकसॅट-२ हा लहान लष्करी उपग्रह त्याआधीच, डिसेंबर २००६ मध्ये, मिनोटॉर-१ रॉकेटवरून गेला होता आणि डार्पा या अमेरिकन लष्करी संशोधन संस्थेचा फाल्कन प्रोग्रॅम तर २००३ च्या सुमाराचा. काही अभ्यासक थेट सोव्हिएत काळापर्यंत मागे जातात, कारण झेनित जातीचे फिल्मवाले हेर उपग्रह फोटोंची फिल्म घेऊन एक-दोन आठवड्यांतच खाली यायचे, मग पुढचं रॉकेट तयार ठेवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. हे मत जास्त पटतं, फक्त ते उपग्रह पाच-सहा टनांचे होते, लहान अजिबात नव्हते.

मधला काळ बराचसा फसलेल्या प्रयत्नांचा. रेलवरून सुटणारं सुपर स्ट्रायपी हे अमेरिकन रॉकेट नोव्हेंबर २०१५ मध्ये हवाईहून उडालं आणि कोसळलं. डार्पाच्या लाँच चॅलेंज या झटपट प्रक्षेपणाच्या स्पर्धेत शेवटी एकटी अ‍ॅस्ट्रा कंपनी उरली, २ मार्च २०२० ला अलास्कात काउंटडाऊन ५३ सेकंदांवर थांबलं आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

घन इंधन आधीच भरून ठेवता येतं म्हणून घाईच्या कामाला तेच बरं असं सगळे धरून चालतात, आणि चीनचं २०१३ मधलं क्वायझोउ-१ रॉकेट त्याच वाटेनं गेलं. पण सगळ्यात गाजलेला विक्रम द्रव इंधनाच्या रॉकेटचा आहे. १४ सप्टेंबर २०२३ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून फायरफ्लाय कंपनीच्या अल्फा रॉकेटनं अमेरिकन स्पेस फोर्सचा व्हिक्टस नॉक्स उपग्रह नेला, उड्डाणाची ऑर्डर मिळाल्यावर २७ तासांनी. त्या वेळात नवीन कक्षेप्रमाणे मार्ग आणि सॉफ्टवेअर बदलायचं, उपग्रह आवरणात बंद करायचा, पॅडवर न्यायचा, रॉकेटवर बसवायचा, एवढं सगळं झालं. पुढे ३७ तासांत उपग्रह कामालाही लागला.

आता हे २७ तास कुठून मोजलेत हा खरा वादाचा मुद्दा. त्याआधी अ‍ॅक्टिव्हेशनचा (तयारी सुरू करण्याचा) टप्पा होता, त्यात एल सेगुंडोच्या कारखान्यातून उपग्रह साधारण २६५ किमी रस्त्यानं आला, तपासला, इंधन भरलं, अ‍ॅडॅप्टरवर (रॉकेटला जोडणाऱ्या भागावर) बसवला, याला ५८ तासांच्या आत वेळ लागला. त्याच्याही आधी हॉट स्टँडबाय, म्हणजे हुकमाची वाट बघत सज्ज राहण्याचा काळ, आणि मूळ कंत्राट २०२२ च्या सप्टेंबरअखेरचं. म्हणजे रॉकेट आणि उपग्रह दोन्ही तयार ठेवूनच घड्याळ सुरू केलेलं. नुसता २७ चा आकडा देणं त्यामुळे अपुरं वाटतं, ५८ आणि २७ दोन्ही सांगावेत.

भारतात इस्रोचं एसएसएलव्ही याच कल्पनेवर बेतलेलं: ३४ मीटर उंच, सुमारे १२० टन, तीन घन टप्पे आणि वर छोटं द्रव मॉड्यूल, ५०० किमीवर ५०० किलो. पीएसएलव्हीला जुळणीसाठी शेकडो माणसं लागतात, इथे मोजके लोक ७२ तासांत काम उरकतील असं सांगितलं जायचं. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची कंपनं आली, अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारे सेन्सर) सॅच्युरेट झाले, म्हणजे त्यांच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेले, सॉफ्टवेअरनं सेन्सरच बिघडलेत असं ठरवलं आणि रॉकेट सॅल्व्हेज मोडमध्ये (त्या सेन्सरशिवाय कसंबसं काम निभावण्याच्या पद्धतीत) गेलं. वेग सेकंदाला ५६ मीटरनं कमी पडला, ३५६ किमीच्या वर्तुळाऐवजी ३५६ बाय ७६ किमी अशी, एका बाजूला फार खाली येणारी कक्षा मिळाली, उपग्रह टिकले नाहीत. नंतरची दोन उड्डाणं (१० फेब्रुवारी २०२३, १६ ऑगस्ट २०२४) यशस्वी झाली, पण मध्ये दीड वर्ष गेलं, म्हणजे मागाल तेव्हा उड्डाण हे अजून कागदावरच म्हणायचं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला खास लहान रॉकेटांसाठी तळ होतोय, पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ची, तिथून थेट दक्षिणेला सोडता येईल, श्रीहरिकोट्याहून जाताना श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जातं, छोट्या रॉकेटला ते परवडत नाही.