स्प्रेडशीटची मूळ मांडणी बदलणे

एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये कोरी फाइल उघडली की फॉन्ट, रकान्याची रुंदी, जाळीच्या रेघा, आकड्यांतले स्वल्पविराम, तारखेचा क्रम हे सगळे आधीच ठरलेले असते. या रूपाला मूळ मांडणी किंवा डीफॉल्ट सेटिंग म्हणतात. ती बदलून कायम करता येते, पण ती एकाच जागी साठवलेली नसते. काही भाग विंडोजकडे असतो, काही प्रोग्रामकडे, तर काही त्या त्या शीटपुरता. बहुतेकांची फसगत इथेच होते.

आकडे आणि तारखा. नागपुरात इतवारीच्या ठोक दुकानात किंवा कळमना बाजारातल्या अडत्याकडे हिशेब लाखांत चालतो. साडेबारा लाख म्हणजे 12,50,000. संगणक अमेरिकी रीजनवर (विंडोजमधील देशाच्या सेटिंगवर) असेल तर तेच 1,250,000 दिसते आणि मुनीम बोटाने शून्ये मोजत बसतो. याचा उपाय एक्सेलमध्ये शोधून सापडत नाही. कंट्रोल पॅनेलमधील रीजन, तिथे ॲडिशनल सेटिंग्ज आणि त्यात डिजिट ग्रुपिंग बदलावे लागते.

तारखेचा घोळ जास्त वाईट, कारण तो अर्धाच दिसतो. अमेरिकी मांडणीत 15/12/2024 टंकले तर पंधरावा महिना नसल्याने ती नोंद नुसता मजकूर होऊन डावीकडे चिकटते. लक्षात तरी येते. 5/12/2024 मात्र निमूटपणे 12 मे होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या आंबिया बहराच्या संत्र्याची विक्री मे महिन्यात दिसली, की समजावे काय झाले ते.

फॉन्ट आणि रुंदी. एक्सेलचा मूळ फॉन्ट 2003 पर्यंत एरियल 10 होता, 2007 पासून कॅलिब्री 11. अलीकडच्या आवृत्त्यांत ॲप्टोस नॅरो आला. फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे तो बदलता येतो, मात्र एक्सेल बंद करून पुन्हा उघडावे लागते. नव्या फाइलीत किती शीट हव्यात हेही तिथेच ठरते. 2010 पर्यंत तीन मिळत, 2013 पासून एकच. कॅलिब्रीसह रकान्याची 8.43 ही रुंदी विचित्र वाटते. शून्य हा अंक त्या फॉन्टमध्ये किती जागा घेतो, त्यावर ती मोजलेली असते. म्हणून फॉन्ट बदलला की रकानेही हलतात.

साचा. जाळीच्या रेघा किंवा शून्ये दाखवण्याची खूण ऑप्शन्समध्ये काढली, तरी ती त्या एका शीटपुरतीच लागू होते. कायमचे हवे असेल तर हवी तशी कोरी फाइल सजवून ती ‘बुक’ (Book) नावाने टेम्प्लेट म्हणजे साचा या प्रकारात, एक्सेल सुरू होताना वाचते त्या एक्सएलस्टार्ट (XLSTART) फोल्डरमध्ये ठेवावी. नंतर जोडल्या जाणाऱ्या शीटसाठी ‘शीट’ (Sheet) नावाचा वेगळा साचा लागतो. यात एक खोच आहे. कंट्रोल-एन दाबल्यावर हा साचा उघडतो, पण सुरुवातीच्या पडद्यावरचे ‘ब्लँक वर्कबुक’ त्याला विचारत नाही. कॅल्कमध्ये फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करताना तीच डीफॉल्ट ठरवता येते, हे त्या मानाने सरळ आहे.

साच्यातली सजावट फाइलबरोबर जाते, रीजनची मांडणी जात नाही. इतवारीतून धरमपेठेतल्या सीएकडे पाठवलेल्या फाइलीत स्वल्पविराम त्यांच्या संगणकाप्रमाणे पडतात, आणि एक्सेलच्या तारीख-प्रकारांच्या यादीत तारांकित (*) असलेल्या तारखाही तशाच फिरतात. गूगल शीट्समध्ये लोकॅल, म्हणजे देशानुसारची मांडणी, फाइलीतच साठवलेले असते, त्यामुळे तिथे तारखेचा क्रम सर्वांना सारखाच दिसतो.