कॉलेजचा कोच आणि एनबीएचा कोच: खेळ एक, नोकऱ्या दोन

जून २०२४ मध्ये एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, लॉस एंजेलिस लेकर्स या संघाने डॅन हर्ली यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केलं. सहा वर्षांचे सुमारे सात कोटी डॉलर, असा आकडा तेव्हा बातम्यांत होता. हर्ली कनेक्टिकट विद्यापीठाचे प्रशिक्षक. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर होती. त्यांनी नकार दिला आणि ते कॉलेजातच राहिले. २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या माइक शशेफ्स्की यांनीही लेकर्सना नाहीच म्हटलं होतं.

आपल्याकडे सकाळी उठून एनबीए बघणाऱ्यांना हे कोडं वाटतं. रणजी संघाच्या प्रशिक्षकाला भारतीय संघाचं बोलावणं यावं आणि त्याने ‘नको’ म्हणावं, तसं. पण कॉलेजचा कोच ही एनबीएच्या कोचच्या खालची पायरी नाहीच. ते वेगळं काम आहे, आणि त्यातला मान-पैसाही स्वतंत्र आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस राज्यपाल नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

मैदानावरचा फरक चटकन सांगता येतो. पुरुषांचा कॉलेजचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन अर्धात ४० मिनिटांचा, एनबीएचा १२ मिनिटांच्या चार भागांत ४८ मिनिटांचा. बास्केटकडे चेंडू टाकायला कॉलेजात ३० सेकंद, एनबीएत २४. कॉलेजच्या नियमित हंगामात तीसच्या आसपास सामने, एनबीएत ८२. कॉलेजात मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरी असते, एक सामना हरला की वर्ष संपलं. एनबीएच्या प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी सात सामन्यांपर्यंत समोर असतो. म्हणून एनबीएच्या कोचला एका रात्रीत डावपेच बदलता यावे लागतात, तर कॉलेजच्या कोचला वर्षभर सराव घेऊन एकच पद्धत मुलांच्या अंगात मुरवता येते.

खरा फरक मात्र खेळाडू येतात कुठून, यात आहे. कॉलेजचा कोच आपला संघ स्वतः जमवतो. शाळेतली सोळा-सतरा वर्षांची मुलं हेरायची, उन्हाळी स्पर्धांना जाऊन बसायचं, फोन करत राहायचं, मग मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवायचं की तुमचा मुलगा माझ्याकडे द्या. शिष्यवृत्तीपासून परीक्षेत पास होण्यापर्यंत सगळ्याची काळजी त्याच्याच माथी. एनबीएत कोच कोणाच्याही घरी जात नाही. ड्राफ्ट (म्हणजे नव्या खेळाडूंची संघांनी क्रमाने केलेली निवड), खेळाडूंची अदलाबदल, पगाराची मर्यादा हे सगळं सहसा जनरल मॅनेजर बघतो. कोचने हातात दिलेल्या संघाकडून सामने जिंकायचे.

रिक पिटिनो यांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९९६ मध्ये त्यांनी केंटकी विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिलं आणि १९९७ मध्ये ते एनबीएतल्या बॉस्टन सेल्टिक्सला गेले. त्यांना तिथे खेळाडू निवडायचेही अधिकार होते. सेल्टिक्सची सगळी आशा त्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या टिम डंकनवर होती. पण एनबीएत पहिली निवड कोणाची, हे लॉटरीचे चेंडू ठरवतात. डंकन सॅन अँटोनियोला गेला, बॉस्टनला तिसरी आणि सहावी निवड मिळाली. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला चॉन्सी बिलप्स पिटिनोंनी पहिला हंगाम संपण्याआधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकला; पुढे तोच २००४ च्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिटिनो १०२ विजय आणि १४६ पराभवांसह जानेवारी २००१ मध्ये बाहेर पडले. कॉलेजात परतले आणि पुन्हा जिंकू लागले. तिथे त्यांच्या बोलण्याने माणसं येत होती, लॉटरीने नव्हे.

म्हणून कॉलेजचा कोच एनबीएत चालतच नाही, असं समजू नये. ब्रॅड स्टीव्हन्स यांनी बटलरसारख्या छोट्या विद्यापीठाला २०१० आणि २०११ च्या अंतिम सामन्यात नेलं, मग सेल्टिक्सला अनेक वर्षं उत्तम शिकवलं. ग्रेग पोपोविच तर शिष्यवृत्त्याही न देणाऱ्या पोमोना-पिट्झरमध्ये कोच होते. सॅन अँटोनियोत त्यांनी पाच अजिंक्यपदं जिंकली. पण दोन्हीकडे सर्वोच्च विजेतेपद मिळवलेला कोच एकच आहे: लॅरी ब्राउन, १९८८ मध्ये कॅन्सस विद्यापीठाबरोबर आणि २००४ मध्ये एनबीएतल्या डेट्रॉइटबरोबर.

आणखी एक उलटापालट आहे. एनबीएत मोठ्या खेळाडूचा करार कोचपेक्षा मोठा असतो. दोघांचं बिनसलं की कोच जातो. कॉलेजात मुलं चार वर्षांत निघून जातात, कोच राहतो. विद्यापीठाची ओळखच त्याच्या नावाने होते. मला या नोकरीची थोरवी याच टिकण्यात दिसते. जॉन वुडन यांनी यूसीएलए या विद्यापीठाला पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळवून दिलं, ते त्यांच्या सोळाव्या हंगामात. ते धरून बारा हंगामांत एकूण दहा. शशेफ्स्की यांची ड्यूकमधली पहिली तीन वर्षं ३८ विजय, ४७ पराभव अशी होती. त्यांना ठेवलं गेलं, आणि ४२ हंगामांत पाच विजेतेपदं आली. टेनेसीच्या महिला संघाच्या पॅट समिट १९७४ मध्ये बाविसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा मुलींचे गणवेश त्याच धूत आणि गाडीही त्याच चालवत. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदं होती. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. माझ्या लेखी हा विक्रम त्या विजयांपेक्षा मोठा आहे, आणि एनबीएच्या कोचला तो करायची संधीच नसते.

गेल्या काही वर्षांत मात्र ही सीमा पुसट होत चालली आहे. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवू शकतात. त्याच वर्षापासून विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची सक्तीही पहिल्या बदलापुरती उठली. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात. म्हणजे शाळकरी मुलाला एकदा पटवून भागत नाही. आपल्याच संघातल्या मुलाला दर उन्हाळ्यात पुन्हा पटवावं लागतं. २०१९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, निवृत्त झाले. या नव्या वातावरणासाठी आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

विद्यापीठं आता एनबीएसारखे जनरल मॅनेजर नेमू लागली आहेत. ड्यूकने २०२२ मध्येच नेमणूक केली. सप्टेंबर २०२४ मध्ये तर एनबीएतल्या अदलाबदलीच्या बातम्या सर्वांत आधी देणारे पत्रकार एड्रियन वोज्नारोव्स्की ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सोडून सेंट बोनाव्हेंचर या आपल्या जुन्या विद्यापीठाचे जनरल मॅनेजर झाले.