घरातला धुराचा अलार्म: कुठे लावायचा, कसा सांभाळायचा

सांगली, मिरज आणि सातारा भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

धुराचा अलार्म फोडणीला वाजू लागला की चार दिवसांत तो खाली उतरतो, सेल ड्रॉवरमध्ये जातो आणि छताला नुसती बैठक उरते. पुढे कधी रात्री त्या घरात वायर जळाली तर घरातल्यांना उठवणारं काहीच नसतं. यात दोष बहुतेक वेळा अलार्मचा नसतो, जागेचा असतो. आपल्या घरांत धूर रोजचाच आहे. फोडणी, भाकरीचा तवा, देवापुढची उदबत्ती, तिन्हीसांजेचा धूप, परसातला बंब. या सगळ्यापासून बाजूला पण झोपणाऱ्यांच्या जवळ अशी जागा शोधणं, हेच खरं काम. म्हणून या पत्रकात सगळ्यात जास्त त्यावरच लिहिलं आहे.

आत काय असतं

आम्ही जे अलार्म देतो ते उजेडावर चालणारे, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक. झाकणाच्या आत काळ्या प्लास्टिकची, वळणावळणाच्या वाटांची एक डबी असते. तिच्यात एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर. दोघं समोरासमोर नसतात, मुद्दाम कोनात बसवलेले असतात. हवा स्वच्छ असली तर उजेड सेन्सरपर्यंत पोचत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून उजेड विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरवर पडतो आणि भोंगा सुरू होतो.

एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या बहुतेक तक्रारींचं कारण तुम्हीच ओळखाल. अंघोळीची वाफ, पिठाची धूळ, आत शिरलेला बारका कोळी यांच्यावरही उजेड तसाच विखुरतो. अलार्मला यांतला फरक कळत नाही.

गादी, कापूस, लाकूड, वायरीचं आवरण आधी बराच वेळ धुमसतं, मग पेट घेतं. रात्रीच्या आगी पुष्कळदा अशाच सुरू होतात आणि असा धूर हा प्रकार लवकर पकडतो. दुसरा जुना प्रकार आयनायझेशनचा. त्यात अमेरिशियम २४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी बारीक अंश असतो. तो धुमसत्या आगीला उशिरा वाजतो आणि स्वयंपाकाला मात्र पटकन वाजतो, त्यामुळे घरासाठी आम्ही तो सुचवत नाही. बाहेरून घेणार असाल तर खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हे मानक छापलेलं आहे का, ते पाहून घ्या.

किती लागतात

झोपण्याच्या प्रत्येक खोलीत एक आणि त्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक. माडी असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाशी आणखी एक, कारण धूर जिन्यानेच वर चढतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटला तीन पुरतात. खोलीचं दार लावून झोपायची सवय चांगली आहे, दार धुराला बरंच अडवतं. पण तेच दार बाहेरच्या अलार्मचा आवाजही दाबतं. म्हणून एकच अलार्म हॉलमध्ये लावून भागवू नका.

गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईल हा भरवसा धरू नका. आवाजाने येते. हे अलार्म ३ मीटरवर ८५ डेसिबल इतका आवाज करतात. तरीही आजी-आजोबांना तो ऐकू येईलच असं नाही, कारण त्याचा सूर फार उंच, साधारण ३००० हर्ट्झचा असतो आणि वयानुसार नेमकं उंच सुराचंच ऐकणं आधी कमी होतं. अशा घरात बिनतारी जोडणीचे अलार्म घ्या. एक वाजला की सगळे एकदम वाजतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवायला दुसरं कोणीतरी जागं होतं.

जागा

धूर गरम असतो, वर जातो आणि छताखाली पसरतो. म्हणून छत ही पहिली पसंती. भिंत आणि छत मिळतात त्या अगदी कोपऱ्यात हवा खेळत नाही, तिथे धूर उशिरा पोचतो. भिंतीपासून १ फूट सोडा, ट्यूबलाइट किंवा दिव्यापासूनही तेवढंच. छताला लावणं जमतच नसेल तर भिंतीवर, छतापासून ६ ते १२ इंच खाली.

पंख्याचा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक खोलीत येतो. पंखा धूर उधळून लावतो, त्यामुळे पात्याच्या टोकापासून निदान ३ फूट अंतर हवं. १० बाय १० च्या खोलीत मधोमध ४८ इंची पंखा असेल तर पात्याच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम ३ फूटच उरतात. मग कोपऱ्याच्या दिशेने सरका. दोन्ही भिंतींपासून १-१ फूट सोडून लावलात की पात्यापासून साडेतीन फूट मिळतात आणि दोन्ही नियम पाळले जातात.

शेगडीपासून निदान १० फूट, बाथरूमच्या दारापासून निदान ३ फूट. देवघर बेडरूममध्येच असेल तर समई-उदबत्तीच्या बरोबर वर लावू नका, समोरच्या बाजूला लावा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावूच नये. लाल मिरचीची फोडणी दिली की माणसाला ठसका लागतो तिथे अलार्म गप्प कसा बसेल? तिथे उष्णतेचा अलार्म लावतात. तो धुराकडे बघत नाही, साधारण ५७-५८ अंश तापमान झालं की वाजतो. मात्र तो उशिरा वाजतो, म्हणून झोपायच्या खोलीत तो चालत नाही.

पत्र्याच्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली इतकी गरम हवा साठते की थंड धूर तिच्या खालीच थबकतो आणि पत्र्याला चिकटवलेल्या अलार्मपर्यंत पोचत नाही. शिवाय अलार्मच्या पाठीवर छापलेली तापमानाची मर्यादा बहुधा ४० अंशांच्या आसपासच असते. अशा खोलीत अलार्म भिंतीवर, पत्र्यापासून १ फूट खाली लावा. कौलारू घरात आढ्याच्या अगदी टोकाला लावू नका, आढ्याजवळ पण त्याच्या थोडं खाली एक फळी मारून तिच्यावर बसवा. कौलांच्या फटींतून वारा येत असेल तर ती जागा सोडून पुढच्या फळीवर जा. जुन्या वाड्यात माजघराला ओळीने तुळया असतात. अलार्म दोन तुळयांच्या खोबणीत नको, तुळईच्या खालच्या अंगाला हवा.

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे पावसाळ्यात ढग थेट खिडकीतून घरात येतात. तिथे खिडकीजवळचा अलार्म वाजणारच. आतल्या भिंतीकडे घ्या.

बसवताना

लागणारं सामान: ड्रिल मशीन, ६ एमएमचा बिट, दोन प्लास्टिकच्या गिट्ट्या, दोन स्क्रू, पेन्सिल आणि एक कागदी कप. गिट्ट्या-स्क्रू खोक्यातच असतात, बिट त्यांच्या मापाचा घ्या.

बैठक छताला धरून दोन खुणा करा. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाच्या दिशेने स्लॅबमध्ये वायरीचा पाइप गेलेला असू शकतो, त्या रेषेत भोक पाडू नका. कपाच्या बुडातून बिट आरपार घाला आणि कपाचं तोंड छताकडे ठेवून ड्रिल करा. सगळी माती कपात पडते, डोळ्यांत जात नाही. भोक साधारण ३५ मिलिमीटर खोल पुरे. या वेळी अलार्म त्या खोलीत ठेवू नका. सिमेंटची पूड एकदा त्या काळ्या डबीत गेली की पूर्ण निघत नाही.

गिट्ट्या ठोका, बैठक स्क्रूने आवळा, पण इतकी नाही की प्लास्टिक वाकेल. मग अलार्मला सेल लावा, बैठकीवर टेकवून घड्याळाच्या दिशेने फिरवा. ‘टक्’ झालं की बसला. बऱ्याच मॉडेलमध्ये सेल नसेल तर अलार्म बैठकीवर बसतच नाही. तिथे जोर लावू नका, आधी सेल पाहा. शेवटी बटण ५ सेकंद दाबून आवाज ऐका.

पीओपीच्या छताला साधी गिट्टी धरत नाही, काही महिन्यांत सुटून येते. आतल्या पत्र्याच्या पट्टीत स्क्रू घ्या किंवा पोकळ छताची पंख उघडणारी गिट्टी वापरा. डबल टेपवर अलार्म लावू नका. डिस्टेंपरचा पापुद्रा टेपसकट निघतो.

रंगकामाच्या वेळी सोबत आलेली प्लास्टिकची टोपी अलार्मवर घाला आणि काम संपलं त्याच संध्याकाळी काढा. दिवाळीच्या रंगानंतर टोपी तशीच राहिली, तर खाली हिरवा-लाल दिवा लुकलुकत असतो आणि आत धूर जायला वाट नसते. अलार्मवर रंगाचा ब्रश तर कधीच फिरवू नका.

सेल

९ व्होल्टचा चौकोनी सेल लागणाऱ्या मॉडेलला अल्कलाइनच घाला. सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘६ एलआर ६१’ असेल तर तो अल्कलाइन, ‘६ एफ २२’ असेल तर साधा. दिसायला दोन्ही सारखेच, पण साधा फार लवकर उतरतो. रिचार्जेबल घालू नका, तो न वापरताही उतरत राहतो. वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी सेल बदला. दसऱ्याला घरातली यंत्रं-हत्यारं पुसून पूजतो, तो दिवस लक्षात राहतो. १० वर्षांच्या सीलबंद लिथियम सेलचे अलार्मही आहेत. किंमत जास्त, पण सेल काढताच येत नाही आणि आमच्या मते हाच त्यांचा मोठा गुण आहे.

दर मिनिटाला एकदा ‘टिक्’ असा तोकडा आवाज म्हणजे सेल संपत आला आहे. हा आवाज बहुधा पहाटेच सुरू होतो. कारण पहाटे गारठा वाढतो, थंडीने उतरलेल्या सेलचा व्होल्टेज आणखी खाली येतो. दिवस वर आला की आवाज थांबतो आणि आपण विसरतो. विसरू नका, त्याच दिवशी सेल आणा. नवा सेल घालूनही टिकटिक राहिली तर डबीत घाण आहे किंवा अलार्मचं आयुष्य संपलं आहे.

लाइट गेली तरी सेलवरचा अलार्म चालूच असतो. वायफायवाल्याचा मोबाइलवरचा निरोप राउटर बंद पडल्यावर येणार नाही, भोंगा मात्र वाजेल.

महिन्याला, सहा महिन्यांनी

महिन्यातून एकदा बटण दाबा. हात पोचत नसेल तर केरसुणीच्या दांड्याने दाबा. उदबत्ती किंवा मेणबत्ती खाली धरून तपासू नका. काजळी आत बसते आणि ज्योतीने प्लास्टिक वितळतं.

सहा महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने कडेच्या जाळीवरून सगळीकडून फिरवा. तो नसेल तर कोरडा, मऊ रंगाचा ब्रश. ओलं फडकं, कॉलिन, फुंकर काही नको. फुंकरीने धूळ बाहेर न येता आत जाते. ज्यांच्या गच्चीवर उसाच्या गाळप हंगामात काजळी पडते किंवा शेजारी हळद पॉलिश होते, त्यांनी हंगामात दोनदा साफ करावं. डबी उघडू नका. किडे येत असतील तर अलार्मवर हिट मारू नका, त्याच्या फवाऱ्यानेही अलार्म वाजतो. छताच्या कडेची कोळिष्टकं काढा, किडे आपोआप कमी होतात.

उगाच वाजला तर ‘हश’ बटण दाबा, साधारण १० मिनिटं तो शांत राहतो आणि मग स्वतःच पूर्ववत होतो. सेल काढायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा असं करावं लागत असेल तर अलार्म ३ फूट सरकवा.

याला काय कळत नाही

गॅसगळती कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. त्याचा डिटेक्टर वेगळा असतो आणि तो जमिनीपासून साधारण १ फुटावर लावतात. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कोणत्याही बटणाला हात लावू नका, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

कार्बन मोनॉक्साइडही कळत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझर किंवा थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी यांतून तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या, ही कळकळीची विनंती आहे.

खरोखर वाजला तर

तीन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन ठोके हा धुराचा इशारा. सगळ्यांना हाका मारा आणि वाकून चला, खाली हवा बरी असते. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम लागलं तर ते उघडू नका, दुसरी वाट धरा. लिफ्ट नको. बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करा. दागिने, कागदपत्रं, मोबाइल यांसाठी परत आत जाऊ नका.

आपल्याकडे रात्री ग्रिलला आतून कुलूप असतं आणि चावी कुणाच्या तरी पर्समध्ये. चावी दाराजवळच्या खिळ्याला, बाहेरच्या हाताला पोचणार नाही पण घरातल्या लहान मुलालाही माहीत असेल अशा जागी टांगा. आजच टांगा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा, ताट झाका, ताट लगेच उचलू नका.

बदलायचा कधी

पाठीवरच्या उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी अलार्म बदला, बटणाला वाजत असला तरीही. सेन्सर मंदावतो आणि ते बाहेरून दिसत नाही. बसवतानाच कडेला मार्करने वर्ष लिहून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी घरात येऊन अलार्म बुडाला असेल तर वाळवून परत लावू नका, तो बाद झाला. जुने अलार्म घंटागाडीत टाकू नका, न उघडता दुकानात आणून द्या. आम्ही ते ई-कचऱ्यात पाठवतो.